संदर्भासह क्रमांक द्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात जायचं तर हल्ली आधी फ्लेक्स लागतो, मग फाटक. फ्लेक्सवर संस्थापकांचा फोटो, त्याहून मोठा विद्यमान अध्यक्षांचा फोटो आणि मधोमध कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची श्रेणी: ए प्लस. खाली गुण, दोन दशांश स्थळांपर्यंत: ३.२६. रस्त्यापलीकडच्या कॉलेजाला ३.२५ मिळाले, म्हणून ते नुसतं ए. त्यांनी फ्लेक्सवर अपूर्णांक छापलेला नाही. अध्यक्षांचा फोटो तेवढा आणखी मोठा केलाय. विद्या दोन दशांश स्थळांपर्यंत मोजता येते आणि ०.०१ इतक्या विद्येनं प्लस येतो किंवा जातो, हे आम्हाला विद्यार्थी असताना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तेवढी विद्या आम्ही कुठूनतरी आणली असती.

शिकवणं मोजायला तसं अवघड. चांगलं शिकवलं की वर्ग शांत बसतो, वाईट शिकवलं की झोपतो. खिडकीतून पाहणाऱ्या समितीला दोन्ही सारखंच दिसतं. संशोधनाचं तसं नाही. ते कागदावर उमटतं, आणि कागदावर उमटलेली गोष्ट मोजता येते अशी आपल्या सरकारची इंग्रजांच्या काळापासूनची श्रद्धा आहे. शिवाय न मोजण्याचे दिवसही काही सोन्याचे नव्हते. पिवळ्या पडलेल्या नोट्सची एकच वही घेऊन तीस वर्षं त्याच त्या ठिकाणी तोच तो विनोद करणारे प्राध्यापक मी पाहिलेत, ऐकलेत आणि परीक्षेत त्यांना हवं तेच उत्तरही लिहिलंय. तेव्हा कोणीतरी मोजायला हवं होतं, हे कबूल. मोजायला लागल्यावर पुढे काय झालं, तो भाग गमतीचा आहे.

मी तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. आमच्याकडे आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजचा दर्जा सांभाळणाऱ्या कक्षाच्या, समन्वयक मॅडम आहेत. दर काही महिन्यांनी त्या माझ्यासमोर नॅकसाठीची एक एक्सेल शीट धरतात. तिच्यातला तिसरा निकष संशोधनाचा.

"सर, क्रायटेरियन थ्रीमध्ये तुमच्या नावापुढे सगळं रिकामं आहे."

"असं कसं? तुकारामांवरचा लेख दिला होता की."

"स्कोपसमध्ये आहेत का?"

"तुकाराम?"

"लेख, सर."

संशोधन-लेखांच्या त्या आंतरराष्ट्रीय सूचीत तो नव्हता. आणि खरं सांगायचं तर तुकारामांचंही कठीणच आहे. महाराष्ट्रात रोज संध्याकाळी कितीतरी कीर्तनांत त्यांचा संदर्भ घेतला जातो, पण कीर्तनाला आयएसएसएन क्रमांक नसतो आणि बुवा तळटीप देत नाहीत. मूळ हस्तलिखित इंद्रायणीतून तेराव्या दिवशी कोरडं वर आलं असं सांगतात, तर त्या घटनेचा जिओटॅग फोटो उपलब्ध नाही. त्यामुळे गाथेचा एच-इंडेक्स तूर्त शून्य धरावा लागतो.

हा एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. हिशोब सोपा आहे. तुमचे दहा लेख असे असतील की त्यातल्या प्रत्येकाचा निदान दहा ठिकाणी संदर्भ आलाय, तर तुमचा आकडा दहा. वीस लेख, प्रत्येकी निदान वीस संदर्भ, तर वीस. आयुष्यात एकच लेख लिहिला, त्यानं जग हललं आणि दहा हजार लोकांनी त्याचा संदर्भ घेतला, तर तुमचा आकडा एक. जगाला न हलवता नियमितपणे लिहीत राहावं, असं हा आकडा माणसाला हळूच सुचवतो. नोकरीत मुरलेल्या कोणालाही ही शिकवण नवी नाही.

माणसांवरून आकडे विद्यापीठांवर गेले. २००३ साली शांघायच्या ज्याओ तोंग विद्यापीठातल्या मंडळींनी जगातल्या विद्यापीठांची यादी काढली. हेतू साधा होता: चिनी विद्यापीठं जगाच्या किती मागे आहेत ते पाहायचं. (आपण किती मागे आहोत हे पाहायला कोणी यादी काढतं, हे आपल्याला समजायला जरा वेळच लागला. आपल्याकडे यादी फ्लेक्ससाठी असते.) त्यांच्या निकषांत 'शिक्षणाचा दर्जा' असं एक सदर आहे. तो मोजायचा कसा? तर त्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या किती जणांना नोबेल पारितोषिक किंवा फील्ड्स पदक मिळालं, ते मोजून. या न्यायानं आमच्या कॉलेजात स्थापनेपासून आजतागायत शिक्षणाचा दर्जा शून्य आहे. इथं शिकून ज्यांनी पतसंस्था काढल्या, साखर कारखाना चालवला, तो बंद पाडून सूतगिरणी काढली, त्यांच्यासाठी शांघायवाल्यांकडे रकानाच नाही.

नोबेल मोजणं तरी सोपं असेल असं वाटतं, पण तिथेही बर्लिनमध्ये भाऊबंदकी निघाली. आइनस्टाइन कोणाचा? युद्धाआधी बर्लिनचं विद्यापीठ एकच होतं. नंतर शहराचे दोन तुकडे झाले. जुनं विद्यापीठ पूर्वेकडे राहिलं, त्याचं नाव हुम्बोल्ट झालं, आणि १९४८ मध्ये पश्चिमेला फ्री युनिव्हर्सिटी निघाली. जुन्या विद्यापीठाची नोबेलं आपलीच, असं दोघींचं म्हणणं. आइनस्टाइननं १९३२ च्या अखेरीस जर्मनी सोडली ती कायमची. म्हणजे फ्री युनिव्हर्सिटीच्या जन्माच्या पंधराएक वर्षं आधी तो निघून गेला होता. पण वारसाहक्काच्या दाव्यात एवढ्यातेवढ्यावरून कोणी माघार घेत नाही. सुरुवातीला ही नोबेलं एकीच्या नावावर लागली, मग दुसरीच्या, आणि शेवटी यादीवाल्यांनी कंटाळून काही वर्षं दोघींनाही यादीतून वगळलं. वाटणीचा असा निकाल आमच्या तालुका कोर्टातही लागलेला नाही.

निरनिराळ्या गोष्टी मोजायच्या, प्रत्येकीला वजन द्यायचं आणि सगळ्यांची बेरीज एका आकड्यात करायची, ही कल्पना परदेशातून आली असं कोणी म्हणालं तर त्याला पंचांग दाखवावं. पत्रिका जुळवताना आपण दुसरं काय करतो? वर्णाला १ गुण, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८, एकूण ३६. अठराच्या वर गेलं की मुहूर्त काढायला हरकत नाही. नाडीला ८ आणि वर्णाला १ कोणी दिला, हे मुलीच्या बापानं विचारायचं नसतं. क्यूएस या कंपनीच्या जागतिक विद्यापीठांच्या यादीत 'विद्वानांमधली प्रतिष्ठा' या एकट्या गुणाला कित्येक वर्षं ४० टक्के वजन होतं. प्रतिष्ठा काढायची रीत अशी की जगभरच्या प्राध्यापकांना प्रश्नावली पाठवायची आणि तुमच्या विषयात उत्तम विद्यापीठं कोणती असं विचारायचं. प्राध्यापक घाईत असतात. आठवतील ती नावं लिहितात. आठवतात कोणती, तर गेल्या वर्षीच्या यादीत वर होती ती. २०२३ मध्ये हे वजन ४० वरून ३० वर आणलं. त्या दिवशी जगातलं एकही विद्यापीठ सुधारलं नाही की बिघडलं नाही, पण क्रमांक मात्र हलले, आणि कुलगुरूंच्या मुलाखती झाल्या.

याच क्यूएसनं २०२१ च्या जूनमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला, दर प्राध्यापकामागे किती संदर्भ मिळतात या निकषावर, १०० पैकी १०० गुण दिले. संशोधनात आपली संस्था जगात अव्वल म्हणून वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी घेतली. त्याच यादीत संस्थेचा एकूण क्रमांक होता १८६. नाडी जुळली, बाकी सात जणांनी घात केला. मुंबईची आयआयटी १७७ वी, म्हणजे बंगळूरच्या वर. आता या दोन संस्थांपैकी चांगली कोणती, असं बारावीच्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, तेव्हा मी मराठीचा प्राध्यापक असल्याचं त्यांच्या लक्षात आणून दिलं.

इतक्या खटपटीनंतर वर कोण येतं? इथे मला देवळालीच्या कापरेकर सरांची आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, फर्ग्युसनचे पदवीधर, नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमानं लिहिलेला आकडा वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. शांघायच्या यादीचं वर्ष घेऊन बघा, २००३. ३२०० वजा ००२३ म्हणजे ३१७७, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, आणि मग ६१७४. तिथून हलणं नाही. शांघायच्या यादीचं तसंच आहे. नोबेल घाला, लेख घाला, दरडोई भागाकार करा, पहिल्या वर्षापासून शेवटी येतं ते हार्वर्ड. क्यूएसमध्ये २०१२ पासून एमआयटी. टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत २०१६ पासून ऑक्सफर्ड. प्रत्येक कंपनीचा आपापला ६१७४ आहे. फरक एवढाच की कापरेकर सरांनी आपल्या आकड्याबद्दल कोणाकडून सल्लागार फी घेतली नाही.

सरांची स्वतःची संशोधन-कामगिरी आजच्या तक्त्यात भरून पाहिली तर अवघडल्यासारखं होतं. पदव्युत्तर शिक्षण नाही. विद्यापीठात नोकरी नाही. लेख साध्यासुध्या नियतकालिकांत, किंवा पदरचे पैसे घालून छापलेल्या पुस्तिकांत. जगाला ते कळले ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा, आणि 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या कोड्यांच्या सदराला क्रायटेरियन थ्रीमध्ये कुठे धरायचं, हे समन्वयक मॅडमनाही सांगता येणार नाही.

आता संदर्भांकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. एखाद्याच्या लेखाचा इतरांनी संदर्भ घेतला म्हणजे तो त्यांच्या उपयोगी पडला, असा यामागचा विचार. आणि विचार वाईट नाही. यूजीन गारफील्ड या माणसानं १९५५ मध्ये तो मांडला आणि पुढे फिलाडेल्फियात संदर्भांचं केवढं तरी कोठार उभं केलं. संदर्भ शोधायची सोय म्हणून निघालेली ती सूची होती. तिच्यावर बढत्या अवलंबून राहतील हे कळलं, तेव्हा लोकांनी वाचणं कमी केलं आणि मोजणं वाढवलं.

२०१० मध्ये टाइम्स हायर एज्युकेशननं यादीची नवी, सुधारलेली पद्धत आणली. त्यात इजिप्तचं अलेक्झांड्रिया विद्यापीठ जगात १४७ वं आलं, आणि संशोधनाच्या प्रभावात, म्हणजे संदर्भांत, चौथं. हार्वर्ड मागे, स्टॅनफर्ड मागे. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळाल्याला कित्येक शतकं झाली, त्यानंतर त्या शहराच्या विद्येला आलेले हे सर्वांत चांगले दिवस. चौकशी झाली तेव्हा कळलं की बराचसा प्रभाव एका लेखकाचा होता, त्याचे ढिगानं लेख ज्या नियतकालिकात आले त्याचा संपादक तो स्वतःच होता, आणि त्या लेखांत संदर्भही मुख्यतः त्याचेच होते. एकाच माणसात उंट आणि गाढव दोन्ही भेटल्यावर 'अहो रूपम् अहो ध्वनिः' म्हणायला दुसरं कोणी लागत नाही.

तीन वर्षांनी आपली पाळी आली. २०१३-१४ च्या यादीत भारतातलं पहिलं आलं चंडीगढचं पंजाब विद्यापीठ, २२६ ते २५० या गटात. आयआयटी ३५० च्या पुढे. दिल्ली चकित झाली. चंडीगढ त्याहून जास्त चकित झालं असावं. कारण होतं जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत. हिग्ज कण शोधणाऱ्या त्या महाप्रयोगांत पंजाब विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ सामील होते. त्यांचं काम खरं होतं, वर्षानुवर्षांचं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण अशा प्रयोगाचा लेख निघतो तेव्हा त्यावर दोन-तीन हजार नावं असतात, त्याचा संदर्भ जग घेतं, आणि यादीवाले प्रत्येक नावाच्या विद्यापीठाला तो अख्खा लेख त्याच्या सगळ्या संदर्भांसकट मोजून देत. हार्वर्डसारख्या समुद्रात असा एखादा लेख पडला तर कळतही नाही. लहान विद्यापीठाला तो यादीत शंभर पायऱ्या वर ढकलतो.

२०१५ मध्ये सर्नच्या दोन गटांनी मिळून हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा लेख छापला. पानं ३३. त्यातलं शास्त्र पहिल्या ९ पानांत, आणि उरलेली २४ पानं लेखकांची नावं व पत्ते. लेखक ५,१५४. आमच्या गावातल्या लग्नपत्रिकेवरच्या प्रेषकांच्या यादीनंतर एवढी नावं मी एका कागदावर पाहिलेली नाहीत. आता या लेखाला आपल्याकडचा हिशोब लावून बघा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली, तिच्यात परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या लेखाला मूळ १५ गुण होते. प्रमुख लेखकाला त्याचे ६० टक्के, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकी सगळे. म्हणजे ६ गुण, भागिले ५,१५३. चंडीगढच्या त्या बिचाऱ्याला बढतीच्या फायलीत एका गुणाचा हजारावा भाग मिळाला असता, आणि त्याच कामासाठी टाइम्सच्या यादीत त्याचं विद्यापीठ देशात पहिलं. त्याच वर्षी टाइम्सनं हजाराहून जास्त लेखकांचे लेख मोजणंच बंद केलं. पंजाब विद्यापीठ पुन्हा जमिनीवर आलं. प्रयोगशाळेत दोन्ही वर्षी काम तेच चाललं होतं.

आणि ज्याच्या नावाचा हा कण, तो पीटर हिग्ज? त्याचा तो लेख १९६४ चा. पहिल्या नियतकालिकानं तो परत पाठवला, दुसऱ्यानं छापला. २०१३ मध्ये नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जाताना त्यानं 'गार्डियन'ला जे सांगितलं, ते आमच्या स्टाफरूममध्ये लावायची माझी फार इच्छा आहे. प्राचार्य परवानगी देत नाहीत. १९६४ नंतर त्याचे जेमतेम दहाच्या आत लेख झाले. एडिंबरा विद्यापीठात मूल्यमापनासाठी अलीकडच्या लेखांची यादी मागवणारी चिठ्ठी फिरायची, तेव्हा तो उत्तर पाठवायचा: काही नाही. आजच्या दिवसांत आपल्याला कोणी नोकरी दिली नसती, असंही त्याला वाटत होतं. त्याची नोकरी टिकली ती १९८० मध्ये त्याचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं म्हणून. मिळालं तर विद्यापीठाचं नाव होईल, नाही मिळालं तर काढून टाकता येईलच, असा विद्यापीठाचा विचार होता, हे त्याला मागाहून कळलं. तर हिशोब असा झाला: कणाच्या कल्पनेच्या जनकाचं उत्तर 'काही नाही', आणि कणाच्या बारशाला हजर असलेल्या ५,१५४ जणांच्या विद्यापीठांना पूर्ण गुण.

सहलेखकांचा विषय निघालाच आहे तर मांजराला वगळता येणार नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या जॅक हेदरिंग्टन यांनी हेलियमवरचा एक लेख टाइप करून पूर्ण केला. लेखभर त्यांनी स्वतःला 'आम्ही' म्हटलं होतं. लेखक एकटा असेल तर 'आम्ही' चालत नाही, असं सहकाऱ्यानं लक्षात आणून दिलं. संगणक नव्हते, अख्खा लेख पुन्हा टंकायचा कंटाळा आला. त्यांनी घरातल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड असं भारदस्त नाव दिलं आणि सहलेखक केलं. लेख 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला, अजूनही त्याचा संदर्भ घेतला जातो. एपीआयनं बोक्याला चाळीस टक्क्यांप्रमाणे ६ गुण सहज मिळाले असते, इम्पॅक्ट फॅक्टरचे वरचे वेगळे. १९८० मध्ये त्यानं फ्रेंचमध्ये एक लेख एकट्याच्या नावावरही छापला. म्हणजे आंतरराष्ट्रीय, आणि दुसऱ्या भाषेत. हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. आमच्या विभागाची त्या वर्षीची संख्या त्यांना पाठ होती.

बोका निदान होता तरी. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञानं आइक अंतकरे नावाचा एक संशोधक घडवला. आडनावावरून मालवणकडचा वाटतो, पण तो कुठलाच नाही. तो अस्तित्वातच नाही. संगणकानं जुळवलेले शंभर निरर्थक लेख, प्रत्येक लेखात बाकीच्यांचे संदर्भ, आणि गूगल स्कॉलरनं प्रामाणिकपणे बेरीज करून त्याचा एच-इंडेक्स काढला: ९४. त्या मोजणीत आइनस्टाइन त्याच्या मागे होता.

आपल्याकडे एवढी हुशारी करावी लागली नाही. एपीआयनं जाहीर केलं की लेखाला गुण, परिषदेत निबंध वाचला तर गुण, आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर जास्त गुण. वर्षभरात महाराष्ट्रातल्या कानाकोपऱ्यात आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या. नेपाळचे एक पाहुणे आणून बसवले की परिषद आंतरराष्ट्रीय होते, हा शोध कोणी लावला त्याची नोंद नाही. खरं तर या सबंध काळातलं ते सर्वांत मूलगामी संशोधन. 'पेपर लिहिला का' हा प्रश्न मागे पडला, 'किती पेपर पाडले' असं विचारू लागले. नियतकालिकं निघाली. नावात 'इंटरनॅशनल जर्नल' हे शब्द, आत भाषाशास्त्रापासून मत्स्यशेतीपर्यंत सगळे विषय. शुल्क भरलं की परीक्षण चार दिवसांत, जास्त भरलं की त्याच दिवशी, आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून. मला एकदा अशा एका नियतकालिकाचं स्वीकृतिपत्र आलं. मी लेख पाठवायच्या आत आलं होतं. आमच्यातले पुष्कळ जण वाईट नव्हते. कर्जाचे हप्ते होते, मुलांच्या शाळा होत्या, आणि बढती एका तक्त्यापाशी अडली होती. तक्ता भरायचा तर ज्ञानाची वाट कोण बघणार?

मग सरकारनं औषध काढलं. २०१७ मध्ये अनुदान आयोगानं मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, आणि त्यात कोणती घ्यायची हे विद्यापीठांनाच विचारलं. विद्यापीठांनी प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापकांनी ज्यात आपले लेख आधीच छापले होते ती नावं कळवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ नियतकालिकं तपासून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, की त्यातली ८८ टक्के निकृष्ट आहेत. कोणाचा पत्ता खोटा, कोणाचा संपादक आपण संपादक आहोत हे ऐकून दचकणारा. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. पुढे केअर नावाची नवी, काटेकोर यादी निघाली, तिचं काम पुण्यालाच सोपवलं गेलं. काही वर्षं ती चालली. तिच्यावरही रुसवेफुगवे झाले, मराठीची बरीच जुनी, खरीखुरी नियतकालिकं तिच्याबाहेर राहिल्याचं दुःख मी स्वतः चहाबरोबर गिळलं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाली. आता कोणतं नियतकालिक चांगलं ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवावं. म्हणजे आयुष्यभर वाचत आलेल्या माणसानं जे करायला हवं होतं, तेच. फक्त मधली आठएक वर्षं आम्ही वाचण्याऐवजी यादीत नाव शोधत होतो.

इंग्लंडात हे सगळं जास्त शिस्तीनं चालतं आणि जास्त महाग पडतं. तिथे १९८६ पासून दर काही वर्षांनी सगळ्या विद्यापीठांच्या संशोधनाची तपासणी होते, तज्ज्ञ लोक लेख खरोखर वाचतात आणि हॉटेलांना देतात तसे एक ते चार तारे देतात. २०१४ च्या तपासणीचा खर्च अंदाजे २४ कोटी ६० लाख पौंड आला, २०२१ च्या तपासणीचा ४७ कोटी १० लाख. एवढ्या पैशात किती संशोधन झालं असतं, हे शोधण्यासाठी अजून कोणी अनुदान मागितलेलं नाही.

आपली स्वदेशी यादी म्हणजे एनआयआरएफ, २०१६ पासून. परदेशी यादीवाले आपल्याला समजून घेत नाहीत, या तक्रारीतून ती निघाली. तक्रार खोटी नव्हती, सात आयआयटींनी पुढे २०२० मध्ये टाइम्सच्या यादीवर बहिष्कारही टाकला. पण आपल्या यादीतही १० टक्के वजन 'धारणे'ला आहे, म्हणजे पुन्हा लोकांना काय वाटतं ते. पुण्याचं विद्यापीठ २०२४ मध्ये विद्यापीठांच्या गटात २३ वं होतं, २०२५ मध्ये ५६ वं. एका वर्षात तेहेतीस पायऱ्या. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय होतं तिथेच आहे. रिकाम्या पडलेल्या प्राध्यापकांच्या जागाही होत्या तिथेच आहेत, हे मात्र त्या निमित्तानं पुष्कळांना नव्यानं समजलं. एखादी यादी कधीकधी अशी चुकून उपयोगी पडते.

२०२५ च्या एनआयआरएफमध्ये आणखी एक सुधारणा झाली. छापून आल्यावर खोटेपणा किंवा चूक उघडकीला येऊन मागे घेतलेल्या लेखांबद्दल आता गुण कापतात. चांगली गोष्ट आहे. ती बातमी आली त्याच आठवड्यात मॅडमनी बैठक बोलावली. मागे घेतल्या जाणाऱ्या लेखांना आळा घालण्यासाठी समिती नेमायची, तिच्यात प्रत्येक विभागाचा एक सदस्य, आणि 'संशोधनातील सचोटी' या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा घ्यायची असं ठरलं. उपस्थितांना प्रमाणपत्र. बीजभाषण, चहा, जेवण, जिओटॅग फोटो. निबंध मागवायचे का, असा मुद्दा निघाला. मागवावेत, त्यांचं आयएसबीएन क्रमांकासह पुस्तकही काढावं, असं एकमतानं ठरलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, की नेपाळचे ते पाहुणे सध्या मोकळे आहेत का.